रांजणातली जाणती

रंगाऱ्यांच्या त्या वस्तीत सगळ्यात जुनं काय, तर निळीचा रांजण. घरं पडली, पुन्हा उभी राहिली, नदीने पात्र बदललं, पण रांजण जागचा हलला नाही. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, तोंडावर जाड लाकडी झाकण, आणि आत पिढ्यान्‌पिढ्या न उपसलेली नीळ. ती नीळ जिवंत आहे असं रंगारी म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने म्हणायचे नाहीत. तिला कोंडा आणि चुना वेळेवर लागायचा, थंडीत भोवती भुशाची ऊब लागायची, आणि एखादा दिवस उपास घडला की ती असा वास सोडायची की शेजारची माणसं जेवणावरून उठायची.

त्या रांजणात जाणती राहायची.

ती कोण, कुठली, कधी येऊन बसली, हे कोणालाच सांगता यायचं नाही. आवाज बाईचा होता म्हणून तिला बाई म्हणायचं, एवढंच. तिला सगळं ठाऊक असायचं आणि विचारलं की ती खरं तेच सांगायची. मात्र तिच्या शहाणपणाला मायेचा वाससुद्धा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला सगळं कळतं त्याला आपला कळवळाही येत असेल, असं लोक उगाच धरून चालतात.

तिच्याकडे जायचे नियम साधे होते. आपला प्रश्न आपण विचारायचा नाही. आपल्यासाठी दुसऱ्या कोणीतरी आत जायचं. त्याने एकट्याने दार लावून घ्यायचं, दोन्ही हात कोपरापर्यंत निळीत बुडवायचे आणि विचारायचं. उत्तर त्यालाच ऐकू यायचं. मग हात ओले आहेत तोवर बाहेर येऊन ते ज्याचं त्याला सांगायचं. आणि याची किंमतही विचारणाऱ्यानेच मोजायची. एका उत्तराला एक रंग. जाणती तो रंग त्याच्या डोळ्यांतून कायमचा काढून घ्यायची, आणि मग जिथे जिथे तो रंग असेल तिथे त्या माणसाला नुसती राख दिसायची.

आता रंगाऱ्यालाच रंग दिसेनासा झाला तर त्याने काय करावं? म्हणून वस्तीतली बहुतेक माणसं आपले प्रश्न पोटात घेऊनच मरायची. एरवी बायकोवरून जीव ओवाळून टाकणारे नवरे तिने जाणतीचा विषय काढला की कापड पिळायला निघून जायचे. मुलगे आईला म्हणायचे, बघू पुढच्या हंगामात. एक रंग म्हणजे गंमत नव्हे, हे सगळ्यांनाच कळत होतं, आणि कोणी कोणाला फारसा दोषही देत नव्हतं.

थोरल्या रंगाऱ्याच्या घरी मात्र ही अडचण नव्हती. त्यांच्याकडे धाकटी होती.

धाकटी म्हणजे थोरल्या रंगाऱ्याची बहीण. केस पिकले तरी सगळ्यांना ती धाकटीच. आईवडील लवकर गेले, दादाने सांभाळलं, आणि सांभाळल्याचं तिला कधी विसरू दिलं नाही. लग्न झालं नव्हतं. एकेकाळी वस्तीत तिच्यासारखी नजर कोणाची नव्हती. निळीतून वर काढलेलं कापड आधी हिरवं दिसतं, वारा लागला की निळं होत जातं. ते नेमकं किती निळं होणार, हे ती ओल्या कापडाकडे बघूनच सांगायची. म्हातारे रंगारी तिला बोलावून न्यायचे. त्याच नजरेतून दादाने एकेक रंग विकायला काढला.

पहिल्यांदा पिवळा गेला. भागीदार चोरी करतो का, हे दादाला जाणून घ्यायचं होतं. करत नव्हता. मग जांभळा गेला, थोरल्या मुलाला कुठली मुलगी करावी यासाठी. तांबडा गेला तो नदीपलीकडचं गोदाम घ्यावं की नाही यासाठी. आणि हिरवा कशासाठी गेला माहीत आहे? वहिनीची अंगठी हरवली होती. ती घरात पडली की बाहेर, एवढं विचारायला धाकटीने हिरवा दिला. अंगठी पिठाच्या डब्यात सापडली. वहिनी म्हणाली, "अगंबाई, मी तिथे बघणारच होते." त्या दिवसापासून धाकटीला झाडं राखेची दिसायला लागली, आणि वहिनीने चार दिवस तिला ताटात आधी वाढलं.

रंग जात गेले तसं धाकटीचं काम बदललं. जी रंग जुळवायची ती पाणी भरायला लागली, लाकडं फोडायला लागली, सुताच्या लडी सोडवायला लागली. कुठली लड कुठल्या रंगाची, हे कळावं म्हणून ती तिला गाठी मारून ठेवायची. तांबड्याला एक, पिवळ्याला दोन, असं तिचं स्वतःचं चालायचं. पोरं तिची थट्टा करायची. गाठी सोडून ठेवायची, आणि मग ती लडी हातात घेऊन मुकाट बसली की खिदळायची.

एवढं सगळं ती का देत गेली? तर तिचाही एक प्रश्न होता.

तरुणपणी वस्तीत एक धारवाला यायचा. रंगाऱ्यांच्या कात्र्या, सुऱ्या, कुऱ्हाडी घासून द्यायचा. पातळ अंगाचा, कमी बोलणारा, पण हात असा स्थिर की बघत राहावं. धार लावून झाली की तो पातं डाव्या अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायचा, जीभ टाळूला लावून एक टक्‌ असा आवाज काढायचा आणि मान हलवायचा. धाकटी घरातल्या चांगल्या कात्र्या मुद्दाम दगडावर घासून बोथट करायची. व्हायचं ते झालं. दोघांचं ठरलं, दादा "बघू" म्हणाला, आणि धारवाला पलीकडच्या मुलखात भाड्याची खोली बघायला गेला. जाताना तिने त्याला निळा फडका दिला, दगड गुंडाळून ठेवायला. वस्तीत प्रत्येक रंगारी कापडाच्या कोपऱ्यावर आपली खूण म्हणून गाठी बांधतो. गाठीच्या आत रंग शिरत नाही, गाठ सोडली की तिथे पांढरं कडं राहतं. धाकटीची खूण तीन कडी. तो म्हणाला होता, हंगाम संपायच्या आत येतो.

तो आला नाही. का आला नाही, तो जिवंत आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न होता. आणि आपला प्रश्न आपण विचारता येत नाही.

"एकदा माझ्यासाठी जा ना, दादा," असं ती प्रत्येक वेळी म्हणायची.

"जाईन की. नाही कुठे म्हणतोय?" दादा म्हणायचा. "हा एवढा हंगाम जाऊ दे."

असे हंगाम जात गेले आणि धाकटीकडे एकच रंग उरला. निळा. आकाश, नीळ आणि स्वतःचे हात, एवढंच तिला जगात रंगीत दिसायचं. सकाळी उठून ती आधी हात बघायची.

मग दादाचे डोळे बिघडले. आधी कडेने धुकं आलं, मग समोर. कापड नाकाशी नेल्याशिवाय छटा कळेना. वैद्याने डोळ्यांत घालायला थेंब दिले. ते असे चरचरायचे की दादा खाट धरून ओरडायचा, पण चरचरतंय म्हणजे गुण येतोय, असं वैद्याने सांगितलं होतं. धुकं वाढतच गेलं. ज्या माणसाने सख्ख्या बहिणीचे डोळे अंगठीसाठी खर्च केले, तो स्वतःच्या डोळ्यांसाठी किती घाबरला असेल याची कल्पना करा. जेवताना घास हातात राहायचा. गिऱ्हाईक आलं की हा घरात लपून बसायचा.

"धाकटे," एक दिवस तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांचं विचार."

धाकटी लडी सोडवत होती. ती थांबली नाही. "शेवटचा आहे माझा," ती म्हणाली.

"मला माहीत नाही का? पण बघ, माझे डोळे गेले तर हे घर कोण चालवणार? तुला कोण सांभाळणार?"

"या वेळी आधी तू जायचं."

दादाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांत तिने अट कधी घातली नव्हती. वहिनी दाराशी उभी होती, ती म्हणाली, "वन्सं, अहो त्यांच्या डोळ्यांची अशी अवस्था, आणि त्यातला रंग द्यायला सांगता?"

"रंगच जाईल, वहिनी. डोळे राहतील," धाकटी म्हणाली. "आधी दादाने माझं विचारायचं. मग मी त्याचं. नाहीतर राहू दे."

दादाने खूप आदळआपट केली. आईची शपथ घातली, आपण जेवलो नाही तेव्हा तुला जेवू घातलं असं म्हणाला, रडलासुद्धा. धाकटी लडी सोडवत राहिली. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाह्या सरसावून रांजणाच्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

धाकटी बाहेर उंबऱ्यावर बसली होती. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी त्या दाराआड गेलेली बाई पहिल्यांदा दाराबाहेर बसली होती. दार उघडलं. दादाचे हात कोपरापर्यंत हिरवे होते, बघता बघता निळे होत होते.

"गेला," तो म्हणाला. "तांबडा गेला माझा."

"दादा, काय म्हणाली?"

तो तिच्या शेजारी बसला. तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला. "तो येत होता, धाकटे. त्याच हंगामात येत होता. नदी भरलेली होती. नाव उलटली. बुडताना तुझंच नाव घेत होता म्हणाली."

धाकटी रडली. किती वर्षांचं रडणं होतं ते, वहिनीसुद्धा चपापली आणि पाणी घेऊन आली. पण त्या रडण्यात सुख होतं. तो फसवून गेला नव्हता. दुसरी कोणी नव्हती. तो तिच्याकडेच यायला निघाला होता, आणि नदीने नेलं तर माणूस काय करणार? दादाने तिच्यासाठी तांबडा दिला होता. तिने दादाचे पाय धरले. मग डोळे पुसले, अंगणात उभं राहून आकाशाकडे एकदा पोटभर बघून घेतलं, आणि ती आत गेली.

झाकण सरकवलं. वास ओळखीचा होता, ऊब ओळखीची होती. तिने हात बुडवले.

"रडून आलीस," जाणती म्हणाली.

"हो. कळलं सगळं माझं मला."

फेसाचा एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

"माझ्या भावाचे डोळे कशाने बरे होतील?" धाकटीने विचारलं.

"नीट ऐक. एक शब्द गाळू नकोस," जाणती म्हणाली. "ते थेंब आजपासून बंद करा. डोळे थेंबांनीच जळतायत. नदीपलीकडे वरच्या घाटावर एक सुईवाला बसतो, तो डोळ्यावरचा पडदा सुईने बाजूला सारतो. थंडी पडायच्या आत भावाला त्याच्याकडे ने. डोकं धरायला माणूस लागतो. ते तू धर. दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस, तू स्वतः जा."

"बरं," धाकटी म्हणाली.

"निळा घेते."

"घे."

तिने हात वर काढले. ते हिरवे झाले असतील, मग निळेही झाले असतील. तिला ते राखेत बुडवून काढल्यासारखे दिसले. ती थोडा वेळ हातांकडे बघत उभी राहिली, मग उत्तर मनात पुन्हा एकदा म्हणून घेतलं, एक शब्द न गाळता, आणि तिने दार उघडलं.

आता इथेच, अंगणात, थोरल्या रंगाऱ्याचा घात झाला, आणि तो दुसऱ्या कोणी नाही, त्याच्याच हुन्नराने केला. वहिनी वाळत घालायला तांबडं ठाण पिळत होती. दादा खाटेवर बसला होता. वहिनी जवळून जाताना त्याने कापडाचं टोक सवयीने ओढलं, नाकाशी नेलं, आणि तो उसळून म्हणाला, "अगं थांब, हे काय! कालच्या ठाणाशी जुळतं का हे? तांबडा विटकरी मारतोय. अजून एक बुडी दे, नाहीतर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल माझ्या."

मरणाच्या दारात असला तरी रंगारी चुकीची छटा खपवून घेत नाही. जीभ सुटून गेली तेव्हा त्याच्या लक्षातही आलं नाही.

धाकटीच्या मात्र आलं. ती दारात उभी होती, हातातून निळीचे थेंब उंबऱ्यावर पडत होते. तांबडा गेलेल्या माणसाला तांबड्यातला विटकरी दिसत नाही. हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? म्हणजे तो आत गेला, त्याने हात बुडवले, जरा वेळ उभा राहिला आणि बाहेर आला. काही विचारलंच नाही. भरलेली नदी, उलटलेली होडी, बुडताना घेतलेलं तिचं नाव, सगळं त्याने खाटेवर पडल्या पडल्या रचलं होतं. आणि तिने त्याचे पाय धरले होते.

"आलीस?" दादाने डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. "सांग लवकर, हात वाळतील. काय म्हणाली?"

धाकटीने कधीच खोटं उत्तर आणलं नव्हतं. भागीदार साधा आहे हे तिने खरं सांगितलं होतं, अंगठी पिठात आहे हेही खरं सांगितलं होतं. म्हणूनच तिच्या शब्दावर घर चालायचं.

"थेंब चालू ठेव म्हणाली," ती म्हणाली. "सकाळी घालतोस, ते संध्याकाळीही घालायचे. चरचरलं तरी सोडायचे नाहीत. आणि बहिणीच्याच हाताने घालायचे."

दादाने सुटकेचा श्वास सोडला. "एवढंच ना?"

"एवढंच," धाकटी म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

तेव्हापासून ती रोज दोन्ही वेळा त्याच्या उशाशी बसायची. डोकं मांडीवर घ्यायची, बोटांनी पापण्या फाकवायची आणि थेंब सोडायची. तो ओरडायचा, तिचं मनगट आवळायचा. "झालं, झालं," ती म्हणायची, आणि दुसऱ्या डोळ्यात सोडायची. एक वेळ तिने चुकवली नाही. शेजारणी आपल्या नणंदांना तिचा दाखला द्यायला लागल्या. दादा गहिवरायचा. "तू होतीस म्हणून," असं म्हणायचा. तो असं म्हणाला की थेंब सोडायचा तिचा हात अडायचा, नाही असं नाही, पण मग नदी आणि उलटलेली नाव आठवायची आणि ती तो थेंब सोडायची. तिला बरं वाटायचं. हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांत तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

थंडी पडली. डोळे लाल झाले, सुजले, पाणी गळायला लागलं, मग तेही थांबलं. एक दिवस दादा दुपारी म्हणाला, "दिवा का नाही लावला?"

वहिनी हातपाय गाळून बसणारी नव्हती. तिने बाजार पालथा घातला, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं, आणि एका नावाड्याकडून तिला कळलं की पलीकडे वरच्या घाटावर एक सुईवाला आहे, तो आंधळ्यांना डोळस करतो. "उद्याच जायचं," ती म्हणाली. "वन्सं, तुम्ही चला. तुमच्याशिवाय ते कोणाचा हात धरत नाहीत."

धाकटीने नाही म्हणायचं कारण शोधलं, पण तिला ते सापडलं नाही. शिवाय तिला वाटलं, आता जाऊन काय होणार? जायचं ते गेलंच आहे.

घाटावरच्या शेवटच्या खोलीबाहेर माणसं ओळीने बसली होती. आत एक खिडकी, खिडकीखाली स्टूल, उकळत्या पाण्याचं भांडं. सुईवाला पांढऱ्या केसांचा, पातळ अंगाचा माणूस होता. पाठ करून उभा होता. त्याने भांड्यातून सुई काढली, डाव्या अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवली आणि टक्‌ असा आवाज केला.

धाकटीने भिंत धरली.

बाकावर त्याची पेटी होती. पेटीखाली फडका अंथरलेला होता, राखेच्या रंगाचा, आणि त्याच्या कोपऱ्यावर तीन पांढरी कडी होती. रंग गेले तरी पांढरं तिला दिसत होतं.

"डोकं कोण धरणार?" सुईवाल्याने वळून विचारलं.

"मी धरते," वहिनी पुढे झाली, कारण धाकटी जागची हलत नव्हती.

त्याने दादाची मान मागे केली, पापण्या उचलल्या आणि बराच वेळ बघितलं. मग सुई परत भांड्यात टाकली. "हे कोणी केलं?" तो म्हणाला. "पडदा साधा होता हो. थंडीच्या आधी आला असतात तर तुम्ही चालत घरी गेला असतात. आता बुबुळ पार जळून गेलंय. डोळ्यांत काय घालत होता?"

"थेंब," वहिनी रडत म्हणाली. "वैद्याचे. जाणतीनेच घालायला सांगितले होते. आम्ही रंगाऱ्यांच्या वस्तीतले, थोरल्या रंगाऱ्याच्या घरचे."

सुईवाल्याचा हात दादाच्या कपाळावर तसाच राहिला. "थोरल्या रंगाऱ्याच्या," तो म्हणाला. "मी आलो होतो तुमच्या दारात. फार वर्षं झाली. तुम्ही सांगितलंत की बहीण तापाने गेली. मी वस्तीच्या वेशीवर बसून राहिलो, दोन दिवस. मग आलो परत."

दादा स्टुलावर दगडासारखा बसला होता.

"गेली?" वहिनी गोंधळली. "अहो, ही काय इथे उभी आहे. यांना एकच बहीण."

सुईवाल्याने बघितलं. त्याला ओळखायला क्षणही लागला नाही. तो पुढे आला, तिचे दोन्ही हात त्याने हातात घेतले. ज्या प्रश्नासाठी तिने आकाशसुद्धा देऊन टाकलं होतं, त्याचं उत्तर तिच्यासमोर उभं होतं.

"हात निळे आहेत अजून," तो म्हणाला.

"मला नाही दिसत," ती म्हणाली. "सगळे रंग गेले माझे."

"म्हणूनच हो!" वहिनीला एकदम उलगडा झाला. "डोळे लाल होत होते ते यांना कसं दिसणार? यांच्या हाताने थेंब घालायचे होते, आणि यांना लालच दिसत नाही. बिचारी रोज प्रेमाने घालत राहिली."

सुईवाल्याने मान हलवली. त्याने तिचे हात आणखी घट्ट धरले. त्याला ते पटलं होतं. कोणालाही पटलं असतं. आता धाकटीने फक्त गप्प राहायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं. ती खोली, ती खिडकी, तो माणूस, सगळं तिचंच होतं.

"धाकटे," दादा म्हणाला. त्याने तोंड आवाजाच्या दिशेला वळवलं होतं, पण जरा चुकीच्या बाजूला. "जाणती खोटं बोलत नाही. ती जळणारे थेंब घालायला कशी सांगेल? खरं काय म्हणाली होती ती?"

बाहेर ओळीत कोणीतरी खोकलं.

ती गप्प राहू शकली असती. पण ते शब्द तिच्या तोंडात किती दिवसांचे अडकलेले होते, आणि दादाने ते ऐकावेत अशी तिची फार इच्छा होती. त्याने ऐकावं, आणि ऐकून पुढे जगावं. सुईवाल्यावर तिचं प्रेम होतं, अजूनही होतं. पण दादावरचा राग रोजच्या वापरातला होता, आणि तोच आधी तोंडात आला.

"म्हणाली, ते थेंब आजपासून बंद करा," धाकटी सावकाश म्हणाली. "डोळे थेंबांनीच जळतायत. नदीपलीकडे वरच्या घाटावर एक सुईवाला बसतो, तो डोळ्यावरचा पडदा सुईने बाजूला सारतो. थंडी पडायच्या आत भावाला त्याच्याकडे ने. डोकं धरायला माणूस लागतो. ते तू धर. दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस, तू स्वतः जा."

एक शब्द तिने गाळला नाही. आणि शेवटचा शब्द तोंडातून निघाला तेव्हा तो तिला स्वतःलाच पहिल्यांदा नीट ऐकू आला. जाणतीने भावाच्या प्रश्नात तिचंही उत्तर घालून दिलं होतं, आणि ती ते सगळे दिवस घरात बसून त्याच्या डोळ्यांत थेंब सोडत होती.

सुईवाल्याने तिचे हात सोडले. रागाने नाही, एखादी गरम वस्तू चुकून धरली गेली की माणूस सोडतो, तसे. दादा हमसून रडायला लागला, पण त्या डोळ्यांतून काही येत नव्हतं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली.

"याला आता वारा लागू द्यायचा नाही," सुईवाला म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा कामाचा झाला होता. त्याने इकडेतिकडे बघितलं, पेटी उचलली, खालचा फडका ओढून काढला, झटकला आणि दादाच्या डोळ्यांवर पट्टी करून मागे आवळून बांधला. तीन पांढरी कडी नेमकी कपाळावर आली.

"घेऊन जा," तो धाकटीला म्हणाला.

वहिनी एकटीच पुढे निघून गेली होती. दादाने उभं राहून हवेत हात चाचपडला. त्याला कळत होतं कोणाचा हात मिळणार आहे. पायऱ्या खूप होत्या आणि दुसरं कोणी नव्हतं. धाकटीने हात पुढे केला. त्याने तो धरला. मागे खोलीत सुईवाल्याने भांड्यातून सुई काढली, नखावर टेकवली, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.